गाठोडेवाल्याच्या खालचा मजकूर

माझ्या हातून नक्की किती वर्तमानपत्रं कापली गेली ते मला सांगता येणार नाही. कापत होतो तेव्हा मोजली नाहीत, आणि मोजावीशी वाटायला लागली तेव्हा नुसते तुकडे उरले होते. ऐंशीच्या दशकातली पाच-सहा वर्षं मी हा उद्योग केला. अमेरिकेतली जुनी, अगदी सुरुवातीच्या काळातली वर्तमानपत्रं शोधून आणायची, त्यांच्यावरची वेलबुट्टी आणि छोटी चित्रं कापून घ्यायची, फ्रेम करायची आणि भिंतीवर लावायची. येणारेजाणारे याला छंद म्हणायचे. बायको याला कातरकाम म्हणायची, आणि आता वाटतं की तिचंच बरोबर होतं.

आम्ही तेव्हा व्हर्जिनियात हर्नडनला नवीनच घर घेतलं होतं. आजूबाजूची कुरणं जाऊन तिथे ऑफिसं उभी राहत होती आणि त्यातल्याच एका ऑफिसात मी इंजिनियर होतो. शनिवारी सकाळी फ्ली मार्केटला, म्हणजे जुन्या बाजाराला, जायची आम्हाला सवय लागली होती. बायको काचेची भांडी बघायची, मी काहीही बघायचो. एका शनिवारी एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलाखाली वर्तमानपत्रांचा एक जाडजूड बांधीव खंड दिसला. पश्चिमेकडच्या एका काउंटीतलं, म्हणजे जिल्ह्यातलं, कुठलंसं जुनं घर पाडलं, त्याच्या माळ्यावर सापडला, असं तो म्हणाला. चामड्याची पाठ सुटत आली होती, पण आतला कागद चिंध्यांपासून केलेला, कापडासारखा मऊ आणि शाबूत. पहिल्याच पानावर पंख पसरलेला गरुड, त्याच्या चोचीत फडफडणारी फीत, दोन्ही अंगांना वेली आणि मधे जाड-बारीक वळणांच्या अक्षरांत वर्तमानपत्राचं नाव. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची छपाई, आणि बोट फिरवलं तर अक्षरांचा दाब अजून लागत होता. मी तो खंड छातीशी धरून गाडीपर्यंत आणला.

त्याचं कारण माझे वडील. अण्णा कऱ्हाडला एका छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून उचलणारा, त्यांची ओळ जुळवणारा, ओळींचं पान करणारा माणूस. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि दर गुरुवारी निघणारं चार पानी साप्ताहिक, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सुट्टीत मी तिथे जाऊन बसायचो. खिळ्यांना हात लावायची मला बंदी होती, कारण चुकीच्या खणात एक खिळा पडला तर तो शोधण्यात अर्धा दिवस जातो. मला मिळायचा तो पत्रिकेच्या माथ्यावरच्या गणपतीचा ठसा, रॉकेलच्या फडक्यानं पुसायला. त्याच्या सोंडेतली शाई मी काडीनं काढायचो. त्यामुळे छापखाना म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो गणपती आणि पत्रिकेच्या कडेची फुलं येत. अण्णांची कला म्हणजे तीच, असं मी धरून चाललो होतो. कधी विचारलं नाही.

तर रविवारी दुपारी मी टेबलावर काच ठेवून, पट्टी आणि धारदार ब्लेड घेऊन बसायचो. आधी नावाच्या पट्ट्या कापल्या. तारखेसकट, कारण तारखेची ओळ दोन रेघांमध्ये फार सुंदर बसलेली असायची. मग आतली लहान चित्रं. शिडाचं जहाज म्हणजे बोट सुटणार आहे. घोडा म्हणजे घोडा विकायचा आहे. घराचं चित्र म्हणजे घर भाड्यानं देणे आहे. उरलेला कागद मंगळवारच्या कचऱ्याच्या पिशवीत. बायको एकदा म्हणाली, केळ्याचं साल फ्रेम करून केळं फेकणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय. मी हसलो आणि कापत राहिलो. आमच्या मराठी मंडळाच्या लोकांना भिंत फार आवडायची. "काय टेस्ट आहे यार तुझी, एकदम म्युझियम करून टाकलंयस," असं कोणी म्हटलं की मी दोन दिवस हवेत असायचो.

आता माझ्या कारपूलच्या सोबत्यांबद्दल सांगायला हवं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे हे गृहस्थ माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. एक आठवडा त्यांची गाडी, एक आठवडा माझी, असं आमचं सहा वर्षं चाललं. पहिल्या हिवाळ्यात बर्फावर गाडी घसरली की ब्रेक दाबायचा नाही, हे त्यांनी मला एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये दोन तास खपून शिकवलं होतं. इंग्रजीत आम्ही एकमेकांना नावानं हाक मारायचो, पण मनात मी त्यांना कधी अरेतुरे करू शकलो नाही. ते कृष्णवर्णीय होते, आणि त्यांची घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या व्हर्जिनियातलीच होती.

शनिवारी मी फ्ली मार्केटला जायचो तेव्हा ते कुठल्यातरी कोर्टाच्या तळघरात जुनी दप्तरं चाळत असायचे. त्यांना आपलं घराणं मागे मागे शोधत न्यायचं होतं. खापरपणजोबांपर्यंत पोचले होते. ते लोहार, पश्चिमेकडच्या त्या काउंटीतले. त्यांच्या मागे वाट बंद व्हायची. सोमवारी गाडीत ते सांगायचे की जुन्या याद्यांमध्ये मालकाचं नाव असतं आणि त्याच्याखाली नुसती वयं असतात. पुरुष, चोवीस. बाई, तीस. मूल, दोन. नावं नाहीत. मी हं, हं म्हणायचो आणि पुढच्या एक्झिटला लेन बदलायची का ते विचारायचो. गुलामगिरी मला ठाऊक नव्हती असं नाही. पण ती मला शाळेच्या पुस्तकात ठाऊक होती, परीक्षेपुरती.

त्याच सुमारास कऱ्हाडच्या छापखान्याच्या मालकानं ऑफसेटचं मशीन घेतलं आणि खिळे वितळवायला विकून टाकले. अण्णा घरी बसले. आई आधीच गेली होती. मी आग्रह करून त्यांना उन्हाळ्यात तीन महिने हर्नडनला आणलं. खरं सांगायचं तर मला त्यांना माझी भिंत दाखवायची होती. शाळेतून नंबर आल्यावर प्रगतिपुस्तक दाखवावं, तितकी मला त्याची घाई होती.

पहिल्याच दिवशी चहा घेऊन ते भिंतीपुढे उभे राहिले. चष्मा वर-खाली करत एकेक फ्रेम पाहिली. ठसा झिजलाय पण शाई बेतानं लावलीय, असं एकीबद्दल म्हणाले. गरुडापाशी बराच वेळ थांबले. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"याच्या खाली काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, खाली म्हणजे आपल्या बातम्या, जाहिराती, जुना मजकूर.

"तो कुठाय?"

टाकून दिला, म्हटल्यावर ते भिंतीपासून मागे सरले. चहा संपवला. मग कप ठेवता ठेवता म्हणाले, "गणपती सगळ्या पत्रिकांवर एकच असतो रे. लग्न कुणाचं, ते खाली असतं. ठसा मालक मुंबईहून विकत आणायचा. ओळ आम्ही जुळवायचो."

मला राग आला. इतक्या हौसेनं ज्याच्यासाठी केलं त्यानंच असं म्हणावं. म्हातारं माणूस, काम सुटलेलं, म्हणून बोलत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि रविवारी पुन्हा ब्लेड काढलं. अण्णा मात्र त्या दिवसापासून टेबलाशी माझ्या शेजारी बसायला लागले. मी कापायचो, ते उरलेला कागद उचलायचे, हातानं सपाट करायचे, घडी घालायचे आणि बेसमेंटच्या फळीवर नेऊन ठेवायचे. म्हाताऱ्याला काम मिळालंय तर मिळू दे, असा माझा उदार विचार.

एका रविवारी त्या खंडात मला तो माणूस सापडला. अंगठ्याएवढा. काळ्या शाईतली नुसती आकृती, एक पाय पुढे टाकलेला, खांद्यावर काठी आणि काठीच्या टोकाला गाठोडं. काठीचं पुढचं टोक ठशातच तुटलेलं होतं. मी पाहिलं आणि म्हटलं, अण्णा, हा बघा मी. एक बॅग घेऊन विमानतळावर उतरलो होतो तेव्हा अगदी असाच दिसत असणार. मला त्या चिमुकल्या माणसाचं इतकं प्रेम आलं की त्याच्या भोवतीनं मी जरा जास्त समास सोडून पट्टी ठेवली.

अण्णांनी विचारलं, खाली काय लिहिलंय. मजकुराची सुरुवात मोठ्या अक्षरांत होती, तेवढी मी वाचली. पळून गेला आहे. आणि शेवटी इनाम असा शब्द दिसला. मधली दहा-बारा ओळींची बारीक, शाई पसरलेली अक्षरं मी वाचली नाहीत. वाचायची गरजच वाटली नाही, कारण ही जाहिरात मला पाठ होती. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ती रोज असायची. चि. अमुक, असशील तेथून परत ये, आईने अन्न सोडले आहे, कोणीही रागावणार नाही. शोधून आणणाऱ्यास योग्य इनाम दिले जाईल. मी अण्णांना सांगितलं, घरातून पळालेला मुलगा आहे, आईबाप शोधतायत.

अण्णांचा चेहराच बदलला. अशा जाहिराती त्यांनी शेकड्यांनी जुळवल्या होत्या. एरवी कमी बोलणारा माणूस त्या दुपारी बोलत सुटला. बाप जाहिरात द्यायला यायचा आणि मजकूर सांगताना त्याला बोलता यायचं नाही, मग अण्णाच आपल्या मनानं पुढचं वाक्य जुळवायचे. 'कोणीही रागावणार नाही' हे बहुतेक वेळा अण्णांचं वाक्य असायचं. आणि मुलगा सापडला की घरची माणसं छापखान्यात पेढे घेऊन यायची. ते पेढे मला आठवत होते. अण्णा आपल्या वाट्याचा पेढा कागदात गुंडाळून घरी आणायचे आणि म्हणायचे, एक पोरगं घरी आलं बघ.

"नाव काय याचं?" अण्णांनी विचारलं.

ब्लेड तोवर फिरलं होतं. चित्र माझ्या हातात होतं आणि उरलेलं पान उलटं पडलं होतं. फ्रेमचं दुकान बंद व्हायच्या आत मला पोचायचं होतं. मी म्हटलं, बघतो नंतर. अण्णांना इंग्रजीची छापील अक्षरं ओळखता यायची. पण एवढी बारीक, झिजलेली ओळ त्यांना लागेना. त्यांनी पान दोनदा डोळ्यांजवळ नेलं, मग घडी केली.

"कागद मी वेगळा ठेवलाय. नाव बघून ठेव," ते म्हणाले.

ऑगस्टअखेर अण्णा परत गेले. पुढच्याच आठवड्यात बेसमेंट फिनिश करायला माणसं येणार होती आणि फळी रिकामी करायची होती. तीन महिन्यांच्या घड्यांचा तो गठ्ठा मी उचलला, पिशवीत भरला आणि मंगळवारी बाहेर ठेवला. त्यात वेगळी ठेवलेली ती एक घडी होती हे मला त्या क्षणी आठवत होतं. मला विसर पडला, असं पुढे मी बायकोला सांगितलं. ते खरं नाही. आठवत होतं, पण तेव्हा ते महत्त्वाचं वाटलं नाही.

गाठोडेवाला आमच्या दारासमोरच्या भिंतीवर लागला. आलेल्या प्रत्येकाला मी त्याची गोष्ट सांगायचो आणि दर वेळी ती थोडी वाढायची. त्या वर्षी मंडळाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे होतं. मी त्याचीच झेरॉक्स मोठी करून तिथे लावली आणि आत अर्धं पान लिहिलं, पळून आलेल्या मुलांवर आणि दाराकडे डोळे लावून बसलेल्या आईबापांवर. दिवाळीच्या कार्यक्रमात दोन काकूंनी डोळे पुसत मला सांगितलं की फार आतून लिहिलंय. मीही डोळे पुसले.

दिवाळीनंतरच्या शनिवारी कारपूलच्या सोबत्यांना आणि त्यांच्या बायकोला आम्ही जेवायला बोलावलं. इतकी वर्षं एका गाडीतून फिरून ते आमच्या घरी आले नव्हते, हेही तसं लाजिरवाणंच. बायकोनं चकल्या, पुरी-भाजी, श्रीखंड असा बेत केला होता. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, वळले आणि समोरची फ्रेम पाहिली.

मी कोट हातात धरून सुरू झालो. हा मी. घरातून पळालेला मुलगा. आईबापांनी इनाम लावलंय. आमच्या देशात अजून अशाच जाहिराती येतात. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मधे एकदा त्यांच्या बायकोनं त्यांच्या दंडावर हात ठेवला, ते मी पाहिलं आणि तरी बोलत राहिलो. माझं संपल्यावर ते शांतपणे म्हणाले की ही जाहिरात आईबापांनी दिलेली नसते. हा ठसा पळालेल्या गुलामासाठी असायचा. जाहिरात मालक द्यायचा. खाली त्याचं वर्णन असायचं, वय, उंची, अंगावरच्या चाबकाच्या खुणा, काय काम येतं, बायकोला कुठे विकलंय आणि म्हणून तो कुठल्या दिशेला गेला असेल.

"आणि नाव असायचं," ते म्हणाले. "यादीत नसायचं, पण इथे असायचं. नाव असल्याशिवाय पकडणार कसा? याचं नाव काय होतं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"बाकीचा कागद कुठे आहे?"

कचऱ्यात टाकला, हे शब्द मला त्यांच्यासमोर इंग्रजीत उच्चारावे लागले. मग त्यांनी विचारलं की वर्तमानपत्र कुठलं. मी गावाचं नाव सांगितलं. सांगताना माझ्याच कानावर ते पडलं आणि सोमवार सकाळची गाडी आठवली, लोहार खापरपणजोबा आठवले. त्यांची काउंटी तीच. ते गाव माझ्या भिंतीवर पंधरा-वीस फ्रेममध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यांनी ती सगळी नावं, सगळ्या तारखा एकेक करून वाचल्या. मोठ्यानं नाही.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते जेवले. बायकोला चकलीची कृती विचारली. जाताना आभार मानले. सोमवारी ठरल्याप्रमाणे न्यायला आले, आणि मी बसल्यावर त्यांनी रेडिओ लावला. सहा वर्षांत आमच्या गाडीत रेडिओ कधी लागला नव्हता.

मला वाटलं, अजून काहीतरी करता येईल. तुकड्याच्या मागच्या बाजूला दुसऱ्या पानाचा मजकूर असणार, त्यावरून अंक ओळखता येईल. पण तो मी पुठ्ठ्यावर पांढऱ्या गोंदानं चिकटवला होता, चांगला थापून, कधी सुटू नये म्हणून. गरम पाण्याच्या वाफेवर धरला तरी सुटेना, म्हणून सुरीचं पातं घातलं. कागदाचा थर निघाला आणि माणूस मधून फाटला. बायको म्हणाली, आता पुरे कर. मी केलं नाही. ओल्या पुठ्ठ्यावर शेवटी एक पाय आणि गाठोडं राहिलं.

मग ग्रंथालयात गेलो. त्या वर्तमानपत्राची मायक्रोफिल्म होती. ती चार शनिवार फिरवली. अण्णा म्हणाले होते तसंच होतं, ठसा एकच. दर आठवड्याला तोच चिमुकला माणूस, एका पानावर दोनदा, तीनदा, पाय पुढे टाकून चाललेला. माझ्या खंडातही तो असाच पुन्हा पुन्हा असणार, पण एक कापून झाल्यावर बाकीच्यांकडे मी पाहिलंच नव्हतं. त्याच्या खाली दर वेळी दुसराच माणूस. एकाला सुतारकाम येत होतं, एकाला फिडल वाजवता येत होती, एक बोलताना अडखळत होता. मी आडव्या रेघांची वही घेतली आणि सगळ्यांची नावं उतरवायला लागलो, कारण कुठल्या तरी एका पानावर माझा माणूस असणार होता. ओळखायची खूण माझ्याकडे होती. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मी बरोबर नेलं होतं, त्यावर काठीचं तुटकं टोक स्पष्ट होतं. जुळाऱ्याच्या मुलाला एवढं कळतं की ठसा एका दिवशी तुटतो आणि मग तुटकाच छापला जातो.

फिल्मवर काठीचं टोक एका वसंतापर्यंत शाबूत होतं. त्यानंतर पडद्यावर नुसती एक पाटी आली, पुढील अंक उपलब्ध नाहीत, अशी. आणि त्यानंतर उन्हाळ्याच्या शेवटी अंक पुन्हा सुरू झाले तेव्हा छापखान्यानं नवीन ठसा आणला होता, दुसऱ्या दिशेला तोंड करून चालणारा. तुटक्या काठीचा माणूस फक्त मधल्या अंकांत होता. ग्रंथालयाच्या बाईंनी तपासून सांगितलं की ते अंक त्यांना कुठेच मिळालेले नाहीत, कोणाच्या माळ्यावर सापडले तरच.

मी घरी आलो आणि भिंतीपुढे उभा राहून तारखा वाचल्या. त्या पाटीमागचा एकेक आठवडा माझ्याकडे होता. गरुडासकट, वेलीसकट, दोन रेघांमध्ये सुंदर बसवलेल्या तारखेसकट. तारखेच्या खालचं मी कापून फेकलं होतं. जगात ते अंक एकाच घराच्या माळ्यावर उरले होते आणि तिथून ते माझ्या हातात आले होते. तेव्हा जे वाटलं त्याला पश्चात्ताप म्हणतात हे ठाऊक आहे, पण तो शब्द मला फार सोवळा वाटतो. मला स्वतःची किळस आली.

सोबत्यांना मी हे त्यांच्याच गाडीत सांगितलं. आधी रेडिओ बंद करायची परवानगी मागितली. वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. पाटीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सगळ्यांची नावं तिच्यात होती. मधल्यांपैकी कोणाची जाहिरात आधीपासून चालू असली तर तो तिच्यात सापडेल, नाहीतर नाही, असं सांगितलं. त्यात दोन लोहार आहेत, हेही सांगितलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून त्यांनी वही चाळली. लोहारांपाशी थांबले, मग पुढे गेले.

"मी तीस वर्षं शोधतोय," ते म्हणाले. "कागद जळाले असतील असं धरून चाललो होतो. कोणी कापले असतील असं वाटलं नव्हतं."

वही त्यांनी ठेवून घेतली. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि मुलीकडे राहायला गेले. त्या दोघांपैकी एक लोहार त्यांचा निघाला की नाही, ते त्यांनी मला कळवलं नाही, आणि विचारायचा हक्क मी केव्हाच घालवून बसलो होतो. मंडळातल्या लोकांना मी काहीही सांगितलं नाही. तो दिवाळी अंक काही घरांत अजूनही जपून ठेवलेला असेल. एका काकूंनी तर मुखपृष्ठ फ्रेम केलं होतं. मला कित्येकदा फोन उचलावासा वाटला, आणि दर वेळी माझी भीड आडवी आली. नावाच्या पट्ट्या मी पुढे त्या ग्रंथालयाला देऊन टाकल्या. त्यांनी विचारलं, एवढंच का. मी म्हटलं, एवढंच.

राहता राहिले अण्णा. दर पत्रात शेवटी ते विचारायचे, त्या पोराचं नाव कळलं का. पुढे दृष्टी अधू झाली तेव्हा शेजाऱ्याकडून पत्र लिहून घ्यायला लागले, तरी ती ओळ असायचीच. एका पत्रात लिहिलं होतं की इतक्या जुन्या काळातला मुलगा, आता तोही नाही आणि त्याचे आईबापही नाहीत, पण तेव्हा सापडला असला तर त्याच्या घरच्यांनी त्या छापखान्यात काहीतरी गोड नेऊन दिलं असेल, नाही का. त्या परक्या जुळाऱ्याच्या तोंडात पेढा पडला असेल, या विचारानं अण्णांना बरं वाटत होतं. त्याला शोधणारे त्याचे आईबाप नव्हते, हे मी त्यांना कळवलं नाही. बर्फ फार पडलंय आणि आम्ही सगळे मजेत आहोत, असं उत्तर पाठवलं. ते गेले तेव्हाही त्यांच्या हिशेबी तो मुलगा घरातून पळालेलाच होता आणि घरी कोणीही रागावणार नव्हतं.

देवापुढे काही मागायची मला सवय नाही. पण तुटक्या काठीचा तो माणूस आठवला की मागतो, की त्या छापखान्यात त्याच्यासाठी कोणी पेढे आणलेले नसोत.